गच्चीचं दार

बुऱ्हाणपूरला आमच्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. कापडाच्या दुकानातून आले की घरात न शिरता ते आधी गच्चीपर्यंत जायचे, दार उघडतं का ते ढकलून पाहायचे आणि मुकाट्याने खाली यायचे. मी नवा होतो. मला ते विक्षिप्त वाटले.

शेजारच्या काकूंनी मग सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात खाली मीटरला आग लागली. जिना धुराने भरला, म्हणून यांची बायको वर पळाली. गच्चीला कुलूप होतं. चावी सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी लग्नाला नेपानगरला. ती दाराशीच गुदमरून गेली.

नव्या कमिटीच्या मीटिंगला मीही होतो. पदं पटापट वाटली गेली. मग चोऱ्यांचा विषय निघाला आणि गच्चीला पुन्हा कुलूप लावायचं ठरलं. चावीची जबाबदारी मात्र कुणी घेईना.

अध्यक्ष त्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना म्हणाले, "भाऊ, चावी तुम्हीच ठेवा ना. तुमच्याइतकी जिम्मेदारी कोण घेणार?"

ते उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"मी दिवसभर दुकानावर असतो," ते म्हणाले. "ती मेली तेव्हाही दुकानावरच होतो."

तरी ठराव तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतार आणून दारच काढून टाकलं. कमिटीला विचारलं नाही. आता पावसाळ्यात जिन्यात पाणी येतं, लोक कुरकुरतात. त्यांच्यासमोर मात्र कुणी बोलत नाही. पाणी ते स्वतःच पुसतात.