वाकड्या अक्षरांची वही

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासोबत लेकीची चौथीची वही हाताला लागते, आणि गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची डिचोलीतली एक सकाळ आठवते. लेकीचे हात आपोआप उडायचे, तोंड वेडंवाकडं व्हायचं, कप सुटून पडायचा. "चेडवाक बाधा जाल्या, शाळा पुरो," पोरीला भूतबाधा झाली, आता शाळा बंद, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. तिचं दप्तर रिकामं करताना मी शुद्धलेखनाची वही चाळली. आधीची अक्षरं ओळीला धरून होती, मग घसा सुजून ती तापात पडली त्या आठवड्याच्या तारखाच नव्हत्या, आणि दोनेक महिन्यांनंतर अक्षरं ओळीबाहेर पळत सुटलेली. वही पदराखाली घेऊन, लेकीला धरून मी डॉक्टरांकडे गेले. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ टेबलापर्यंत येत होती. परक्या पुरुषासमोर मला आवाज फुटेना, म्हणून वही पुढे केली आणि बोट ठेवलं. "इथे घसा सुजला होता." डॉक्टर उठून उभे राहिले. "बाई, हेच मला हवं होतं. घशातल्या जंतूंमुळे असं होतं. बरी होईल ती. इंजेक्शनं चुकवू नका, शाळाही सोडवू नका." परतीच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला मी सगळं दोनदा सांगितलं. "आयकलंय गे बाये, आता माका उतराक दी," ती हसत म्हणाली. त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर मी आज हे लिहिते आहे, आणि आता म्हातारपणी माझंच अक्षर ओळीबाहेर पळतंय.