आत्याबाईंची चप्पल

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. जामसावळीच्या मारुतीपुढे हात जोडले तेव्हाही गिळून टाकलं. तुम्हाला सांगते आहे — तुम्हालाच का, ते विचारू नका. एक मात्र आधीच सांगून ठेवते. डोळ्यांत पाणी आणून सांगणार नाही. तेवढं मला जमत नाही.

मी पांढुर्ण्याच्या एका मास्तरांची मुलगी. दिली रामाकोन्याला, संत्र्याच्या बागेवाल्या घरात. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा दरारा असा की आमच्या दारावरून जाणारी बाईसुद्धा पदर सावरून जायची. माझ्या हाताला चव नाही, अंगात चपळाई नाही, माझ्या बापाला मानपान कळत नाही — हे मी उठता-बसता ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं, म्हणा.

पण एक नाही सोडलं. मला मुलगी झाली. बारशाच्या बाया घुगऱ्या घेऊन गेल्या आणि त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी माझ्यापुढे घागर आणून ठेवली. "पोरगी झाली तं काय सव्वा महिना पलंगावर बसतं का वं?" विहिरीचा दोर माझ्या हातून दोनदा सुटला. त्यांनी ते ओट्यावरून पाहिलं आणि तूर निवडत राहिल्या. हे विसरायचं? कुणी सांगितलं?

तर, ऐंशी सालानंतरची गोष्ट. रामाकोन्याला तेव्हा छोट्या लाइनीची गाडी थांबायची. मृग बहाराची तोड चालली होती. संत्र्यांची भरलेली बंडी घेऊन आम्ही स्टेशनाकडे निघालो, नाल्याच्या उतारावर बैल बुजले, बंडी उलटली आणि मी तिच्याखाली. मांडीचं हाड मोडलं. नागपूरच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून पडले, मग प्लास्टर. घरी आणलं तेव्हा वैशाख लागला होता.

आता माझं करणार कोण? आई दम्याने बेजार. नवऱ्याने बायकोचं शौचाचं भांडं उचलावं अशी आमच्याकडे रीत नाही. राहिल्या आत्याबाई. आणि त्यांनी केलं — खोटं कशाला बोलू? भांडं उचललं, अंग पुसलं, वेणी घातली. प्लास्टर निघाल्यावर जवसाच्या तेलात लसूण कढवून सकाळ-संध्याकाळ पाय चोळला. तोंड मात्र थांबलं नाही. "या वयात मास्तराच्या लेकीचे लाड करून राहिली मी. काहून वं, दुखून राहिलं का? दुखू दे. दुखल्याशिवाय पाय हालत नसते."

मग काखेत हात घालून मला उभी करायच्या. मी किंचाळायची, कोसळायची. सुरुवातीला खरंच कोसळायची.

एका दुपारी सगळे बागेत गेले होते. मला तहान लागली. तांब्या रिकामा. हाका मारल्या, कुणी नाही. भिंत धरली, उठले, आणि — माठापर्यंत गेले. पाणी प्याले. चुलीपर्यंत जाऊन पाहिलं. दुखलं, पण गेले, आणि परत आले. मग खाटेवर पडून चादर ओढून घेतली.

संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलं, "पाय टेकवला का वं आज?"

"नाही."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. आणि मग रोज तेच. दुपारी घरभर हिंडायचं, संध्याकाळी ओरडायचं. भांडं त्यांनी उचलायचं. मला मजा वाटत होती का? हो, वाटत होती. ज्या बाईने ओल्या बाळंतिणीला विहिरीवर धाडलं, ती माझी घाण काढत होती. मी देवाचा न्याय समजून लोळत होते.

हे अर्धंच झालं. पुढचं सांगायला जड जातं, तरी सांगते.

नणंद बोरगावहून आंबे घेऊन आली. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "वहिनी, मायचे पाय पाह्यले का?" मी नव्हते पाहिले. खाटेवरून माणसाचे हात दिसतात, पाय कोण बघतं? "जामसावळीले नवस बोलली माय. सून सोताच्या पायानं दर्शनाले येत नाही तोवर चप्पल घालत नाही म्हणे. या उन्हात अनवाणी फिरून राहिली. टाचा पाहा कशा फाटल्या."

जामसावळीचा मारुती आडवा आहे, निजलेला. तोही पडून, मीही पडून.

तुम्ही असता तर त्या क्षणी उठला असता. कुणीही उठलं असतं. मी पांघरूण मानेपर्यंत ओढलं. मनात म्हटलं, चाला आत्याबाई. पोळू दे तळपाय. मला कुठे कुणी सावलीत बसवलं होतं?

आणि अजून एक आहे. सूड उगवत होते, हे सांगायला सोपं आहे, त्यात थोडा तोराही मिरवता येतो. पण मला त्यांचा हात आवडायला लागला होता. तेलाचा, खरबरीत, न सांगता नेमक्या दुखऱ्या जागी थांबणारा. मी उभी राहिले असते तर तो हात गेला असता, आणि पुन्हा घागर आली असती. तो हात मला हवा होता. म्हणून मी पडून राहिले, सगळं माहीत असून.

पेरणी झाली, पाऊस लागला. शेताच्या धुऱ्यावर बाभळीचा काटा आत्याबाईंच्या अंगठ्यात मोडला. हळद भरली, बिबा लावला, जखम भरेना. अंगठा काळा पडला. साखरेचा आजार असल्याचं तेव्हा कळलं. बंडीत घालून स्टेशनावर नेण्याआधी त्या माझ्या खाटेशी थांबल्या. "कुणाले तरी सांगून ठेवते तुह्या भांड्याचं. घाबरू नको."

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मी उठले. पश्चात्तापाने उठले असं वाटलं ना तुम्हाला? नाही. भांडं उचलायला घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून उठले.

नागपूरला त्यांचा अंगठा कापला, आणि गावाने दोन्ही गोष्टी जोडल्या. मारुतीने सासूचा अंगठा घेतला आणि सुनेला पाय दिला! आत्याबाईंनाही ते पटलं. आल्या-गेल्याला अंगठा गेलेला पाय दाखवून सांगायच्या, "स्वस्तात झालं बाप्पा." लोक म्हणायचे, सासू असावी तर अशी. मी पदर सावरून मान डोलवायची. मरेपर्यंत त्यांनी तेच सांगितलं आणि त्या होत्या तोवर मी तीच मान डोलवली.

त्याच वर्षी पोळा झाल्यावर आम्ही जामसावळीला गेलो. मी माझ्या पायांनी. त्यांनी नारळ फोडला, नवस फेडला, आणि सौंसरच्या बाजारातून आणलेली नवी चप्पल पिशवीतून काढली. पाय घातला, दोन पावलं टाकली आणि चप्पल निसटली. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. अंगठ्याशिवाय पट्टा धरणार कशाने?

त्या हसल्या. "घे वं, धर," म्हणाल्या. "आता काय, सवय झाली."

मी ती चप्पल काखेत धरली. त्या पुढे अनवाणी, लंगडत, आणि मी त्यांच्या मागे, नीट चालत. माझ्या पायात माझी चप्पल होती.