उंबऱ्यावरचा श्वास

माझे बाबा संध्याकाळी घरी आले की उंबऱ्याबाहेर उभे राहतात आणि आईच्या नाकासमोर ‘हा’ करून श्वास सोडतात. आई वास घेते, मग पाण्याचा गडवा पुढं करते, मग बाबा आत येतात. हसायचं असेल तर हसून घ्या. गल्लीतल्या लोकांचं कधीचं हसून झालं. शेजारच्या गोजरबाई तर सुरुवातीला नेमक्या त्याच वेळी अंगण झाडायला निघायच्या. आता त्याही कंटाळल्या.

बाबांचं नाव दयाराम. खामगावात स्वतःची सात सीटची पांढरी गाडी चालवतात. शेगावला दर्शनाला आलेली माणसं फिरवायची, लग्नाचं वऱ्हाड पोचवायचं, कुणाला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचं, असली कामं. गाडीत बिडीसुद्धा चालत नाही. सीटला चुना पुसणाऱ्या एका बाप्याला त्यांनी चिखलीच्या रस्त्यावर भर उन्हात उतरवून दिलं होतं. दयाराम म्हणजे लय कडक माणूस, असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं! हाच कडक माणूस मी नालीच्या काठावर झोपलेला पाहिलाय, शाळेतून येताना, मैत्रिणींच्या देखत.

तेव्हा बाबा पीत. आणि पिण्यापेक्षा वाईट म्हणजे आम्हाला फसवत. त्यात त्यांचं डोकं असं चालायचं की काय सांगू. घरी यायच्या आधी हापशावर शर्ट धुवायचे आणि म्हणायचे, गाडी धुताना भिजलो. दोस्ताकडून फोन करवायचे, ‘वहिनी, दयाराम माह्यासंगच होता, एक थेंब घेतला नाही त्यानं.’ आणि तोंडात विलायची. दोन गालांत दोन. मी लहान होते, बाबा आले की पळत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायचे, कारण त्यांच्या तोंडाला खिरीसारखा वास यायचा. ती खीर कशाची होती ते पुढं कळलं. आईनं मग घरातली विलायचीच बंद केली. आजही आमच्या खिरीत ती पडत नाही.

एका उन्हाळ्यात आई मला घेऊन माहेरी निघून गेली, सोनाळ्याला. आई, म्हणजे सिंधूताई, कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. बाबा बऱ्याच दिवसांनी आले, दाढी वाढलेली. तिथल्या विहारात सगळ्यांसमोर त्यांनी पुन्हा पंचशील घेतलं. पाचव्या शीलाला, नशेपासून दूर राहीन म्हणताना, आवाज फुटला. बायांनी डोळे पुसले. सगळ्यांना वाटलं, झालं आता. तेवढ्यात आई उठली.

‘बुद्धासमोर तं तुमी मागंबी म्हनलं होतं,’ ती म्हणाली. ‘मी येतो. पर रोज दारात मले श्वास द्या लागन. ज्या दिवशी फसवसान, त्या दिवशी मी परत इथं. मंग बोलवाले येऊ नका.’

बाबा म्हणाले, ‘हाव.’

तेव्हापासून ही रीत. ताप असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत. माझं शिक्षण झालं, मी मेडिकलच्या दुकानात बसायला लागले, बाबांचे केस पांढरे झाले, पण एक दिवस चुकला नाही. मला आधी लाज वाटायची. मग सवय झाली. मग तर वाटायला लागलं, बाबांना ते आवडतं. श्वास सोडून झाला की ते जरासे ताठ व्हायचे. पाणी गटागटा प्यायचे, जणू कमावलंय.

आता अविनाशची गोष्ट. हा अविनाश चाळिशीचा बाप्या, पण त्याचे आजोबा खामगावचे कापसाचे जुने जिनिंगवाले, म्हणून अख्खं गाव त्याला अजून पोरगाच म्हणतं. राहतो परदेशात. गेल्या हिवाळ्यात बायकोला, सुचिताला, घेऊन गावी आला होता. हे दोघं पोर्तुगालला फिरून आलेले. तिथं म्हणे दिवसभरासाठी खासगी गाडी करायची, समुद्राच्या काठाकाठानं जायचं, एक जुना किल्ला पाहायचा, एक वाइन चाखायची, पुन्हा किल्ला, पुन्हा वाइन. अविनाशच्या डोक्यात आलं, आपल्या जिल्ह्यातही तसंच करू. बाप्पा! बुलढाणा जिल्ह्याला समुद्र कुठून आणायचा? तर म्हणाला, लोणारचं पाणी खारट आहे ना, मग भागलं. सिंदखेडराजाचा राजवाडा हा इतिहास, तिथला मोती तलाव आणि लोणारचं सरोवर हा समुद्र, आणि वाइन नाशिकची, बर्फाच्या पेटीत घालून.

गाडी बाबांची ठरवली, पण त्यांना फक्त इतिहास आणि समुद्र सांगितला होता. पेटीत पाण्याच्या बाटल्या असतील असं त्यांना वाटलं. पुढचं मला काही सुचितानं सांगितलं, काही बाबांनी.

मोती तलावाच्या काठावर सतरंजी पसरली, पेटी उघडली, आणि बाबांनी बाटली पाहिली. ते लगेच म्हणाले, ‘साहेब, हे माह्या गाडीत नाही चालत.’

‘गाडीत कुठं, काका? उतरूनच घेतोय की.’

‘पेटी गाडीतच आली नं.’

‘बंद आहे ती. एवढं काय!’ अविनाश हसला. ‘तुम्ही पण घ्या घोटभर. द्राक्षाचा रस आहे हो.’

‘मी घेत नाही.’

‘डॉक्टरनं मना केलंय?’

‘बायकोनं,’ बाबा म्हणाले, आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिथंच त्यांनी सोडून यायला हवं होतं. चुना पुसणाऱ्याला उतरवलं, मग याला का नाही? मी विचारलं तर म्हणाले, ‘पोरी, संग बाईमानूस होतं. सिंदखेडले कसं सोडू?’ असे आमचे बाबा. कडकपणा चालतो तो गरिबावर, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं.

लोणारला ते दोघं खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंत उतरून गेले, काठाकाठानं फिरले, वर येऊन एका शेताच्या बांधावर दुसरी बाटली उघडली. बाबा गाडीत बसून आईनं दिलेली भाकर खात होते. सुचिता मधेच त्यांच्याकडे आली. भली बाई आहे ती. म्हणाली, ‘काका, तुम्हाला त्रास होतोय का?’ बाबा म्हणाले, ‘वासाचा होते.’ घाण वाटते म्हणून नव्हे. इतक्या वर्षांनी तो वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, याचा त्यांना त्रास झाला. हे त्यांनी मला सांगितलं, आईला नाही.

परत येताना मेहकर सोडलं. अविनाश पुढच्या सीटवर बसलेला. बाबांना दिसू नये असा त्यानं मांड्यांमध्ये स्टीलचा पेला धरला होता, भरलेला. मेल्या, घरी जाईपर्यंत दम निघत नव्हता? वळणावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे वळवली. पेला उडाला आणि सगळी वाइन बाबांच्या छातीवर. पांढरा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लाल.

बाबा ओरडले नाहीत. मेंढ्या जाईपर्यंत स्टेअरिंग धरून बसून राहिले. अविनाश ‘सॉरी काका, सॉरी’ करत रुमालानं पुसायला लागला तर त्याचा हात बाजूला केला. सुचिता म्हणाली, तिला रडूच आलं, बाबांचा चेहरा पाहून. तिनं विचारलं तेव्हा बाबांनी उंबऱ्याची रीत सांगितली. परक्या माणसाला पहिल्यांदाच.

‘मग मी काकूंना फोन करते ना,’ ती म्हणाली. ‘सांगते काय झालं ते.’

‘फोन नको,’ बाबा म्हणाले. फोन तर दोस्त करायचे.

‘बरं, शर्ट तरी धुवा. तो पाहा हापसा.’

‘धुवाचाबी नाही.’ धुतलेला शर्ट तर आईनं शंभरदा पाहिलेला.

खरं सांगायच्या जितक्या रीती होत्या, तितक्या या माणसानं खोटं बोलण्यात वापरून टाकल्या होत्या. आता खरं घेऊन घरी जायचं तर कुठल्या तोंडानं? बाबा मला म्हणाले, ‘मंजू, पेलो असतो तं इतकं भेव लागलं नसतं.’

त्या दोघांना त्यांच्या घरी सोडलं. तिथून आमचं घर जवळ. कोपऱ्यावर पानठेला आहे. बाबा शपथेवर सांगतात की गाडी का थांबवली ते त्यांना कळलं नाही. हात आपोआप पुढं झाला आणि तोंडानं मागितली. पानठेलेवाल्यानं विलायची दिली.

मी तेव्हा घरीच होते. आई अंगणवाडीतल्या तिच्या कामावरून येऊन दारात उभी होती, हातात गडवा. बाबा आले. आईनं शर्ट पाहिला. वासही तिच्यापर्यंत आला असणार, माझ्यापर्यंत येत होता.

‘हे काय?’

‘गिऱ्हाइकाची सांडली. मेहकरजोळ मेंढ्या आडव्या आल्या.’

मी आईच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं विश्वास ठेवला होता, अगदी खरं सांगते. कपाळावरची आठी गेली. ‘जपा जरा, नवा शर्ट होता,’ असंसुद्धा म्हणाली. मग सवयीनं पुढं झाली. ‘करा हा.’

बाबांनी तोंड उघडलं नाही.

‘करा नं.’

बाबांनी श्वास सोडला. दारू नव्हती त्यात. खिरीचा वास होता.

आईचा गडव्याचा हात मागं गेला. इतका हळू, की पाणीसुद्धा हललं नाही.

‘सिंधू, आईची आन, मी नाही पेलो वं,’ बाबा म्हणाले. ‘पोरीची आन.’

‘विलायची काऊन खाल्ली?’

‘भेव लागलं.’

‘कायचं?’

‘तुह्यं.’

गडवा आईनं ओट्यावर ठेवला आणि आत गेली. बाबांनी ती विलायची तळहातावर थुंकली आणि बराच वेळ तशीच मूठ धरून उभे राहिले. मला दोघांचाही राग आला. मी आईला म्हटलं, ‘अवं, ते पेले नाहीत! तुला कळतंय ना?’ तिनं पीठ काढलं, परातीत घेतलं आणि मळायला बसली. एवढंच म्हणाली, ‘तू यात बोलू नको.’ मी रात्री सोनाळ्याची थैली भरताना तिला पाहणार, असंच धरून चालले होते. तिनं थैली भरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिता आली, एकटीच, तोंड सुकलेलं. आईचे हात धरून म्हणाली, ‘काकू, माझ्या मुलाची शपथ, काकांनी थेंबही घेतला नाही. चूक आमची आहे.’

आईनं तिला चहा दिला. ‘बसा,’ म्हणाली. ‘मले मालूम हाये, बाई. ते पेले नाही.’

‘मग?’

‘पेले असते तं मी आज सोनाळ्यात असतो. थो रस्ता मले पाठ हाये. पर हे पेले नाही, कायबी चुकले नाही, अन् तरी मले फसवाची तयारी करून दारात आले. याचं म्या काय कराव, थे तुमी सांगा.’

सुचितानं चहा तसाच ठेवला. मी दुकानात दिवसभर लोकांना दुखण्यावरच्या गोळ्या देत असते; या दुखण्यावरची गोळी आमच्या फळीवर नाही.

आई माझ्याकडे न पाहता बोलली. ‘मले वाटे, ते आपल्या मनानं श्वास देतेत. मले भेऊन देतेत, हे मले मालूम नव्हतं.’ मी आईला रडताना फार पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही ती रडली नाही.

त्या संध्याकाळी बाबा लवकर आले. दुसरा शर्ट, धुतलेला चेहरा. उंबऱ्याबाहेर थांबले. दार उघडं होतं आणि दारात कुणी नव्हतं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती.

‘सिंधू,’ बाबांनी हाक मारली.

‘या आत,’ आई तिथूनच म्हणाली. ‘पानी माठात हाये. घ्या.’

साधं वाक्य. गल्लीतल्या प्रत्येक घरात नवऱ्याला असंच सांगतात. बाबा मात्र पांढरेफटक पडले, आई सोनाळ्याला निघाली असती तरी पडले नसते इतके. चप्पल काढेनात. उभेच राहिले, आणि मग, त्या रिकाम्या दारात, त्यांनी तोंड उघडून ‘हा’ केलं. गोजरबाई त्यांच्या अंगणात होत्या. त्यांनी झाडू ठेवला आणि आत निघून गेल्या.

माझ्यानं पाहवेना. मी उठले, दारात जाऊन उभी राहिले. ‘मला द्या बाबा. करा हा.’

बाबांनी मान हलवली. डोळे भरलेले होते. ‘तुले नाही, बेटा,’ ते म्हणाले. ‘तुह्या मायले येऊ दे.’

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते, मी मधे, आणि तव्यावरची भाकर जळायला लागली तरी कुणी हललं नाही.