शेंदराच्या दगडाला शून्य

पोह्यांच्या डब्यासारखी संगणकातही काटकसर करायला गेले आणि एका बाईचं शेत शून्यावर आणून ठेवलं. माझी पन्नाशी उलटली होती. शहापूरला संगणकाचे वर्ग घ्यायचे. चष्मा डोक्यावर, आणि कुणी विचारायच्या आधी उत्तर तयार. तेव्हाची मी आज समोर आले, तर मी रस्ता बदलीन.

मुरबाडच्या अंगाला एका वाडीतली म्हातारी आमच्याकडे भातलावणीला यायची. मी तिला काकी म्हणायचे. जंगलाच्या हद्दीतल्या तुकड्यावर ती नाचणी करायची. त्याचा वनहक्काचा दावा होता. सुनावणीला नकाशा आणि क्षेत्रफळ हवं होतं. तिकडे जंगलवाल्यांनी शेतात रोपांसाठी खड्डेही खणून ठेवले होते. दावा अडला, की पावसाळ्यात तिथे साग लागणार.

तयार ॲप वापरा, असं कुणीतरी सुचवलं. छे, मीच प्रोग्राम लिहिणार होते.

शेताला फेरी मारली. एका कोपऱ्यात शेंदूर फासलेला दगड होता. काकीने त्यावर तांदूळ वाहिले, मगच चालायला लागली. प्रत्येक कोपऱ्यावर मी मोबाइलमधून अक्षांश-रेखांश टिपले.

प्रोग्राममध्ये आकडे ठेवायला लहान डबा मिळतो, मोठाही मिळतो. मूठभर पोह्यांना पिंप कशाला, म्हणून मी लहान घेतला. त्यात सातएक अंक मावतात. शंभर बाय शंभरच्या खोट्या शेतावर चालवून पाहिलं. उत्तर चोख आलं आणि मी स्वतःवरच खूश झाले.

खरे आकडे घातले ते सुनावणीच्या सकाळी, कचेरीच्या ओट्यावर. क्षेत्रफळ शून्य. सुरुवातीचा कोपरा बदलला, तर पावणेदोनशे एकर. पुन्हा बदलला, तर उणे. आत पुकारा चालू होता आणि लॅपटॉपची बॅटरी उतरत होती. काकीने विचारलं, किती भरलं? मी खोटं हसून म्हटलं, हा तर अख्खा डोंगर तुझ्या नावावर करतोय.

"अख्खा नको गो," ती म्हणाली. "माझा तेवढा दे."

तो तेवढाच देता येईना. तिचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या हातात कोरा कागद होता. पुढची तारीख मिळाली ती पावसानंतरची.

खोट कुठे होती ते परतताना कळलं. तिथला अक्षांश एकोणीस, रेखांश त्र्याहत्तर; त्यांचा गुणाकार चौदाशेच्या घरात जातो. डब्यातली चार घरं तिथेच भरली. काकीचं शेत बसलं होतं दशांशचिन्हापुढच्या सातव्या घरात. त्याला जागाच नव्हती. क्षेत्रफळ काढताना असे गुणाकार एकमेकांतून वजा होतात; मोठ्यातून मोठं वजा केल्यावर हाती आली ती नुसती डब्याच्या बुडाची धूळ. मग मोठा डबा घेतला, शेंदराच्या दगडाला शून्य धरलं आणि बाकीचे कोपरे तिथून मोजले. अर्ध्या एकराच्या जरा वर भरलं, काकी सांगायची तेवढंच.

नकाशा घेऊन वाडीवर गेले तेव्हा आषाढ लागला होता. प्रत्येक खड्ड्यात सागाचं रोप उभं होतं. नाचणीला जागा नव्हती. काकी दगडाशी बसली होती. मी डबे, अंक, दशांश सगळं समजावत राहिले. गप्प बसायची हिंमत नव्हती. तिने कागद गुडघ्यावर सरळ केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"तुझ्या मशीनला माझं शेत दिसलं नाय गो पोरी. खड्डं खणणाऱ्याला मातुर बरोबर दिसलं."