शिर्केकाकांचा डोळा आणि सहाशे पंचाहत्तर पट

“ऑपरेशन फेल गेलंय, बाय. डावा डोळा मी करणार नाही. डॉक्टरांना कळवून टाकलंय तसं.”

शिर्केकाका समोरच्या खुर्चीत बसून शांतपणे सांगत होते आणि मला काही कळेना. आत्ताच तर त्यांनी उजव्या डोळ्याने माझ्या तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली होती.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळ्यांचा नंबर काढणारी, ऑपरेशन करणारी नव्हे. रत्नागिरीतल्या एका चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत बसते. काका पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर होते, रिटायर होऊन इथे कुवारबावला राहतात. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला. डाव्यातला इतका पिकलाय की त्या डोळ्याने त्यांना माणूस ओळखता येत नाही. परवाच घराच्या जांभ्याच्या पायरीवरून घसरले होते. असा मोतीबिंदू जितका लांबवाल, तितकं ऑपरेशन अवघड होतं.

“काका, उजवा डोळा फर्स्ट क्लास आहे. फेल कुठून काढलंत?”

“अक्षरं वाचतो गो. पण गुरू दिसत नाही. नुसतं भुरकट, रंगीत काहीतरी थरथरत असतं.”

“गुरू? म्हणजे आकाशातला?”

“मग काय तर! आयुष्यभराची हौस. डोळा झाल्यावर पहिली दुर्बीण घेतली. सहाशे पंचाहत्तर पट मोठं दाखवते, तसं बॉक्सवर छापलंय. मग दोष कोणाचा? डोळ्याचाच ना?”

छापलेलं खोटं असू शकतं, असं म्हटलं तर काका चक्क हसले. “जन्मभर मशिनं चालवली, बाय. प्रत्येक मशिनला नेमप्लेट असते. तिच्यावर जो आकडा, तेवढं ते मशीन देणार. नेमप्लेट खोटी असती तर आम्ही जिवंत घरी आलो नसतो.”

“घेतलीत कुठे?”

“कुठे म्हणजे? तुमच्याच दुकानात! दाखवायलाही आणली होती. शेठ म्हणाले, डोळा नवीन आहे, सवय होईल.”

माझं डोकंच फिरलं. आमच्या शेठनी दिवाळीला गॉगलच्या शेल्फशेजारी दुर्बिणींचे बॉक्स रचले होते, ते मी पाहिलं होतं. पण स्वतःचा माल लपवायला माणसाच्या डोळ्यावर बोट ठेवायचं? आणि त्यापायी एक म्हातारा माणूस दुसरा डोळा घालवायला निघालाय!

काकांना दुर्बीण घेऊन यायला सांगितलं. संध्याकाळी ते आले. मी पुढच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारला. काच कसली, एकच प्लास्टिकचं भिंग. चांगल्या दुर्बिणीत पुढे दोन वेगवेगळ्या काचा जोडलेल्या असतात, म्हणजे रंग फाटत नाहीत. त्याला अॅक्रोमॅट म्हणतात. त्यात नळीच्या आत काळी प्लास्टिकची रिंग बसवलेली. बॉक्सवर साठ मिलिमीटरची काच लिहिलीय आणि उजेड येतोय जेमतेम निम्म्या भोकातून. का, तर भिंगाचा वाईटपणा दिसू नये. व्वा रे हुशारी!

आणि ते सहाशे पंचाहत्तर? नळीची फोकल लेंग्थ नऊशे मिलिमीटर, आयपीस (डोळा लावायचं भिंग) चारचा, नऊशेला चारने भागलं की सव्वादोनशे पट. त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स ठोकली की झाला आकडा तयार. कागदावर गणित बरोबर. पण काच जितक्या मिलिमीटरची, त्याच्या फार तर दुप्पट पट चालतं, तेही काच उत्तम असेल तर. त्यापुढे फक्त अंधार मोठा होतो. काका बिचारे रोज सगळ्यात मोठा आकडा लावून बघत होते!

मी दुर्बीण उचलली आणि सरळ काउंटरवर शेठपुढे ठेवली.

“समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचा यातून.”

“मॅडम, गिऱ्हाईक आहेत…”

“असू देत. वाचा.”

शेठनी डोळा लावला. स्टँड लटलटला. इकडे फिरव, तिकडे फिरव. “काही दिसत नाही हो.”

“मग तुम्हीही मोतीबिंदू काढून घ्या!”

गिऱ्हाइकं हसली. शेठ लाल झाले. “बॉक्सवर कंपनीने छापलंय, मी नाही. आपला तो साइड आयटम आहे.”

“डोळ्याला सवय होईल हेही कंपनीने छापलंय? बदलून द्या. नाहीतर मी काकांच्या रिपोर्टवर सही करून लिहिते: डोळा उत्तम, दुर्बीण बाद. आणि तो रिपोर्ट इथे दारात लावते.”

शेठनी कॅटलॉग काढला. निवड मी केली. सत्तर मिलिमीटरची, काचेची अॅक्रोमॅट, फोकल लेंग्थ सातशे. पंचवीस आणि दहाचे आयपीस, म्हणजे अठ्ठावीस पट आणि सत्तर पट. बस्स. स्टीलच्या पायांचा स्टँड, हळूहळू फिरवायच्या दांड्यासकट. पहिलीपेक्षा थोडीशीच महाग.

“सत्तर?” काकांचा चेहरा पडला. “सहाशे पंचाहत्तर देऊन सत्तर घ्यायची?”

“ही नेमप्लेट खरी आहे, काका.”

ती आली त्या संध्याकाळी मी त्यांच्या गच्चीवर गेले. गुरू पूर्वेला चांगला वर आला होता. आधी अठ्ठावीस पटीने शोधला, मग दहाचा आयपीस लावला. “आधी डावा डोळा लावा,” म्हटलं.

“कापसाचा बोळा.”

“आता उजवा.”

काका वाकले.

“गोल आहे गो. पट्टे आहेत. दोन.” मग आवाज चढला. “आणि बाजूला ओळीत ठिपके! एक, दोन, तीन… चौथा लपलाय वाटतं!”

“चंद्र आहेत त्याचे.”

त्यांनी डावा लावला. परत उजवा. परत डावा. स्वतःच आपली तपासणी करत होते. शेवटी सरळ उभे राहिले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. “म्हणजे हा डोळा खरंच चांगला झालाय. उगाच डॉक्टरांना शिव्या घातल्या मी.” मग खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. “तूच लाव फोन. डावा कधी करतात विचार.”

डावाही छान झाला. आता काका अधूनमधून दुकानात येतात, टॉर्च घेऊन. कुणी दुर्बिणीचा बॉक्स हातात घेतला की म्हणतात, “आत उजेड मारून बघ आधी.” शेठ माझ्याकडे तक्रार करतात, “मॅडम, काका गिऱ्हाईक पळवतात.” मी म्हणते, पळवू देत.

तुम्हीही बॉक्सवरचे पट बघू नका. काच केवढी, कसली, आणि स्टँड लटलटतो का, ते बघा. आणि दुकानदार म्हणाला की डोळ्याला सवय होईल, तर दुकान बदला. ते आमचं असलं तरी.