आधी चहा, मग नमुना

मॅनहोलचं लोखंडी झाकण उचलण्याआधी भीमराज त्यावर पहारीने तीनदा ठोकायचा. एकदा मी विचारलं, "आत कोण झोपलंय रे?" तर म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात जाताना कडी वाजवावी, साहेब."

मी कसला साहेब! पालिकेचा नमुने गोळा करणारा, खांद्याला बाटल्यांची पिशवी. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही जोडीने फिरायचो. कारखान्यांनी आम्लाचं पाणी चुना घालून सौम्य करावं, मगच सार्वजनिक गटारात सोडावं, असा नियम होता. भीमराज झाकण उघडायचा, मी बाटली भरायचो, लॅब तपासायची. तो गोवंडीहून यायचा, डब्यात बायकोने, शकुने, दिलेली भाकरी आणि ठेचा. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. त्याचं तेव्हा मला काहीच वाटत नसे.

माणिकशेठच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या, कारखान्यात गेलो की ते मला आधी केबिनमध्ये न्यायचे. पंखा, चहा, कधी खारी. भीमराज बाहेर झाकणापाशी. मी कुणाकडून कधी एक रुपया घेतला नाही, हे मी ताठ मानेने सांगत असे. चहा म्हणजे काय लाच झाली?

एक दिवस बाहेर आलो तर भीमराज म्हणाला, "साहेब, तुम्ही आत गेलात तेव्हा पाणी पिवळंजर्द होतं. मग यांनी आतून नळ सोडला. आता बघा, प्यायलापण चालेल."

"लॅबला बाटली लागते, रंगाच्या गोष्टी नाही."

"मग चहा नंतर प्या ना. आधी बाटली भरा."

मला राग आला. हा मला शिकवणार! "तू तुझं झाकण बघ," मी म्हटलं. त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही, आणि पुढच्या खेपेलाही मी आधी चहाच घेतला. खरं सांगायचं तर मला सगळं कळत होतं. पण शेठ स्वतः उठून मला खुर्ची द्यायचे, आणि तोवर आयुष्यात मला कुणी उठून खुर्ची दिली नव्हती.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात नेमकी माणिकशेठच्या कारखान्याबाहेरचीच गटाराची लाइन तुंबली. भीमराज खाली उतरला. तुंबलेलं एकदम फुटलं आणि पाणी त्याच्या तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला, डाव्याने अंधुक दिसू लागलं.

चौकशीत मला बोलावलं. माझ्या अकरा बाटल्यांचे निकाल टेबलावर होते, अकराही नियमात बसणारे. अधिकाऱ्यांनी विचारलं, "नमुने तुम्हीच घेतले? जसं पाणी वाहत होतं तसेच?" मी हो म्हटलं. मग त्या पाण्यात आम्ल नव्हतंच, असं ठरलं. भीमराजने घाणीच्या हाताने डोळे चोळले असतील, निष्काळजीपणा त्याचाच, असा शेरा पडला आणि त्याची भरपाई नाकारली गेली.

अपिलाची मुदत संपत आली तेव्हा मी गोवंडीला गेलो. खरं काय ते एका कागदावर लिहून, खाली सही करून खिशात ठेवलं होतं. भीमराज दारातच बसला होता. आवाजावरून त्याने मला ओळखलं.

"भीमराज, तुला एक सांगायचंय..."

"शकु, चहा टाक गं," तो आत वळून म्हणाला. "चहा झाल्याशिवाय साहेब कामाला हात लावत नाहीत."

थट्टा होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. शकुने कप हातात दिला. मी पीत राहिलो, आणि पिता पिता नोकरी आठवली, मुलांच्या शाळा आठवल्या. कप रिकामा झाला तेव्हा मी औषधपाण्याची चौकशी केली आणि उठलो.

"सांगायचं काय होतं, साहेब?"

"काही नाही रे. सहज आलो होतो."

तो हसला. "म्हणजे तुम्हीपण आतून नळ सोडलात."

लाजेने माझी मान वर होईना. तरीही हात खिशाकडे गेला नाही. त्याच शुक्रवारी मुदत संपली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.