खळ्यावरची सुलोचना

माझे वडील तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. आई त्याच मिलच्या आवारात सांडलेली कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, झाडून सुपात गोळा करायची. त्या कनकीचा भात आणि अंबाडीची भाजी, यावर आमचं घर चालायचं. पावसाळ्यात मिल बंद पडली की कनकीही नसायची, मग पेज. अशा घरातून मी बी.ए. झाले. आमच्या वस्तीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आवर्जून सांगते, कारण त्याशिवाय सुलोचना मला का खुपायची ते कळायचं नाही.

सुलोचना त्याच मिलच्या मुनीमजींची मुलगी. ज्या दारातून माझे वडील पोतं पाठीवर घेऊन वाकून आत जायचे, त्या दारात ती खुर्ची टाकून पेरू खात बसलेली असायची. मी कॉलेजात असतानाच तीही तिथे आली आणि वर्ष संपायच्या आत सोडून गेली. बापानं रागावून कारण विचारलं तर म्हणाली, "तेथी सारं कोरडं आहे. हात लावाले काहीच नाही." मला जे मिळवायला रक्त आटवावं लागलं, ते तिनं पेरूच्या बियांसारखं थुंकून टाकलं.

पुढे करडीजवळच्या गावात माझं लग्न झालं. आणीबाणी उठली त्या साली गावात बालवाडी निघाली. मी अर्ज केला. माझी मुलगी मंजू तेव्हा अंगावर पीत होती. कडेवर मूल असलेल्या बाईला जमायचं नाही, असं गावच्या मंडळींनी ठरवलं आणि बाई म्हणून नेमली ती तुमसरहून आलेली हीच सुलोचना. लाल काठाचं लुगडं, तोंडात सुपारी आणि आवाज पार तळ्याच्या पाळीपर्यंत जाणारा. पहिल्याच दिवशी तिनं गावाला ऐकवलं, "माह्यासारखी बाई तुमाले सापडाची नाही." नम्रपणा तिच्या गावीही नव्हता.

तिला एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी नाकाशी न्यायची. खडू, शेंगदाणा, पोरांची डोकीसुद्धा. मुलांनाही तीच सवय लावली. "आधी वास घे, मंग नाव सांग," हे तिचं पालुपद.

मंजू तीन वर्षांची झाली तशी तिच्याकडे जाऊ लागली. दसरा झाला, धान पिवळं पडलं की आमच्याकडे बाया लहान पोरांना सोबत घेऊन कापणीला जातात. बालवाडी ओस पडते आणि मंडळी ती दिवाळीपर्यंत बंद ठेवतात. सुलोचनानं ती बंद ठेवली नाही. उचलून सरळ आमच्या मामाजींच्या खळ्यावर आणली. माझ्या सासऱ्यांच्या खळ्यावर, मला न विचारता.

तिथे तिनं गाडगी मांडली. एकात धानाचा कोंडा, एकात सिंगाड्याची टरफलं, एकात तळ्यातला ओला गाळ, एकात सीताफळाच्या बिया, एकात कास गवताचे पांढरे तुरे. पोरांचे डोळे पदरानं बांधायचे, हात गाडग्यात घालायला लावायचं आणि विचारायचं, काय लागून राहिलं? पोरं ओरडायची, किंचाळायची, तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, बुडी मारायची. कापणीवाल्या बाया शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून हसायच्या. माझ्याशी दोन शब्द न बोलणाऱ्या त्याच बाया तिच्यासाठी घरून भाकर आणायच्या.

मंजू संध्याकाळी केसात तणस घेऊन घरी यायची. मी पाटी पुढे केली की म्हणायची, "आई, तुले नव्या कोंड्याचा वास ओळखता येते का?" मी म्हणायची, अ काढ. ती म्हणायची, "बाई म्हनते, अ दिवाळीनंतर येते." दिवसभर बाई म्हनते, बाई म्हनते. जेवताना बाई, झोपेतही बाई.

एक दिवस मी खळ्यावर शिदोरी घेऊन गेले. धान उपणून रास घातलेली होती, मामाजी पूजेचा नारळ आणायला घरी गेले होते. पूजा झाल्याशिवाय राशीला कुणी हात लावत नाही, घरची सूनसुद्धा लांबून वळसा घेते. आणि इथे दहा-बारा पोरं डोळे मिटून कोपरापर्यंत राशीत. मंजू तर कमरेपर्यंत. सुलोचना म्हणत होती, "आतमंदी पाहा कसं थंडगार लागते."

ही चूक मिलवाल्यांचीच. मिलमध्ये धान म्हणजे माल. लोक त्यावर चपला घालून चालतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही अशीच राशीजवळून चालत गेले होते, तर मामाजी माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नव्हते. आता हिची वेळ आली, असं मला वाटलं, आणि बरं वाटलं.

मामाजी आले. रास पाहून जागीच थांबले.

"राशीले हात कोनं लावला?"

"मी लावला, बाबाजी," सुलोचना म्हणाली. "आन् या बारक्याईनं. मले का मालूम? आमच्या मिलमंदी तं लोकं यावर झोपतेत."

मामाजी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग हसायला लागले. त्या माणसाला हसताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. रास मोडून पुन्हा घालावी लागेल, असं मामाजी म्हणाले. तिनं पदर खोचला, पोरांना हाताशी घेतलं आणि दिवस कलेपर्यंत रास घातली. पूजा झाली. राशीचं पहिलं सूप भरायचा मान घरच्या लेकीचा. मामाजींना मुलगी नाही. तो मान कधीतरी माझ्याकडे येईल, असं मी धरून होते. मामाजींनी सूप उचललं आणि तिच्यापुढे धरलं. "ये माय, तू भर."

एरवी मी शुद्ध बोलते. त्या दिवशी खळं रिकामं होताना तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "माही पोरगी मले वापस दे."

"घेऊन जा ना बाई. मी का बांधून ठेवली?" तिनं मान वळवली. "मंजे, आईसंग जातं का?"

मंजूनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तणसात शिरली. सुलोचना हसली. मला हिणवायला हसली असं आजही म्हणवत नाही, पण हसली.

मी घरी गेले नाही. इस्त्रीचं लुगडं होतं अंगावर, तशीच तणसात बसले. दुसऱ्या दिवशीही गेले आणि बसले. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललं नाही. बायांनी टोमणे मारले, बी.ए.वाली बाई तणस मोजून राहिली म्हणाल्या. मी उठले नाही. परीक्षाही मी अशाच दिल्या होत्या, न उठता. कापणी संपत आली तेव्हा मंजू मागून आली, तिनं आपल्या हातांनी माझे डोळे झाकले आणि दुसऱ्या कुणा पोराला माझ्या मुठीत काहीतरी ठेवायला लावलं.

"सांग."

नाव येईना. "टोचतं," म्हणाले.

"बरोबर," मंजू म्हणाली आणि माझ्या मांडीवर बसली.

होळीच्या आधी सुलोचनाचं लग्न ठरलं, बालाघाटकडे. एसटी निघाली तेव्हा सारी पोरं रडली, मंजूला तर ताप भरला. त्या तापाचाही मला हेवा वाटला. माझ्यासाठी ती कधी आजारी पडली नव्हती. खिडकीतून सुलोचना म्हणाली, "बाई, तुमाले गाता येत नाही, पन चालते. कापनीत बंद नोका पाडू."

मंडळींनी जागा मला दिली. लोक त्या बालवाडीला आजही सुलोचनाबाईची बालवाडी म्हणतात. म्हणोत. मी होते तोवर धानकापणीत ती एकदाही बंद पडली नाही, आणि ती मी चालवली.